पाचव्या टेबलावरचं लेबल

१२ जानेवारी, रविवार

कंपनीने आमची जपानी टीम बंद केली त्याला आज सात आठवडे झाले. आधी भाषांतर मशीन करायचं आणि मी तपासायचे. मग तपासायचंही मशीनच करायला लागलं. शंतनु म्हणाला, घरात नुसती फिरत राहण्यापेक्षा रोज चार ओळी लिही. नवऱ्याचा सल्ला म्हणून नव्हे, पण वही आणली.

आज लिहिण्यासारखं झालं. हिराओका-सान यांचा फोन आला. हे आमच्या कंपनीच्या कारखान्यातले मोठे इंजिनीयर, वय एकसष्ट, शांत माणूस. त्यांच्या मीटिंगना मी दुभाषी म्हणून जायचे. मार्चअखेर ते जपानला परत जाणार आहेत. त्याआधी जयनगरच्या जपानी भाषा मंडळात त्यांना एक प्रदर्शन भरवायचंय: एदो काळातल्या एका गावाचा एक दिवस. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी तिथे कोण काय खायचं, काय नेसायचं, कोणासमोर वाकायचं. चार टेबलं. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी. मजकूर जपानीतून इंग्रजीत मी करायचा आणि उद्घाटनाला त्यांचं भाषणही मीच सांगायचं.

लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी सात आठवड्यांत जपानीत बोललेच नव्हते.

१६ जानेवारी, गुरुवार

मजा येतेय, पण डोकं गरगरतं. सामुराई सगळ्यांत वर, दोन तलवारी लावून फिरणार. पण खालच्या दर्जाचे सामुराई घरी बसून छत्र्या बनवायचे आणि गुपचूप विकायचे, कारण पोट भरत नव्हतं. शेतकऱ्याचा मान दुसरा, तांदूळ तोच पिकवणार, आणि स्वतः मात्र भरड धान्य खाणार. व्यापारी सगळ्यांत खाली. त्याला रेशीम घालायची बंदी, तर तो वरून साधं सुती घालायचा आणि आतून रेशमाचं अस्तर लावायचा. मग वर कोण आणि खाली कोण, हे ठरवायचं कसं? हिराओका-सान यांनी समासात लिहिलंय, "शिडी समजू नका." शिडी नाही तर काय, ते लिहिलेलं नाही.

शंतनुला म्हटलं, बरं झालं आपण त्या काळात तिथे जन्मलो नाही. तो म्हणाला, "हो, आपण इथे जन्मलो." तो काय म्हणत होता ते मला नीट कळलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज गोंधळ झाला. मंडळाच्या अध्यक्ष हेमलता मॅडम, हिराओका-सान आणि मी हॉल बघायला गेलो. हिराओका-सान यांनी नकाशा काढून आणला होता, त्यात टेबलं पाच. पाचव्यावर एक ढोल, कातड्याचे तुकडे, चिलखताची दोरी आणि एक कोरं लेबल.

हेमलता मॅडम म्हणाल्या, "वर्ग तर चारच ना? शाळेची मुलं येणार आहेत, त्यांच्या पुस्तकात चारच आहेत." हिराओका-सान म्हणाले, पुस्तकं बरोबर आहेत, फक्त पूर्ण नाहीत.

लेबलवर काय लिहायचं ते विचारलं, तर म्हणाले, शेवटी सांगतो. त्या आधी चामडं कळणारा माणूस हवा. त्यांनी जपानहून आणलेल्या ढोलाचं कातडं प्रवासात फाटलंय.

मला अंदाज आहे. मृत जनावरं उचलणारे, कातडी कमावणारे लोक होते तिथे. त्यांच्यासाठीचा जुना शब्द पुण्यात शिकताना एकदा आला होता. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "हा डिक्शनरीत राहू द्या, तोंडात नको. परीक्षेत येत नाही." पण हिराओका-सान इतके शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांना या टेबलाचं एवढं का पडलंय?

२४ जानेवारी, शुक्रवार

ध्रुवला फोन केला. माझा धाकटा भाऊ, इथेच नोकरीला आहे, पण भेटतो सणासुदीलाच. त्याच्या ऑफिसातल्या सौम्या नावाच्या मुलीच्या वडिलांचं शिवाजीनगरला, पुण्यातल्या नव्हे, इथल्या, चामड्याचं वर्कशॉप आहे म्हणे. मराठीच लोक, पण पिढ्यान्पिढ्या इथलेच, घरात कन्नडही बोलतात. ध्रुव एकदम उत्साहात आला. "तू जाशील? स्वतः? मी त्यांना सांगून ठेवतो." कधी नव्हे ते पत्ता, नंबर, पार्किंगसुद्धा पाठवलं. कामाला वाघ आहे पोरगा, मनावर घेतलं तर.

१ फेब्रुवारी, शनिवार

हिराओका-सान आणि मी ढोल घेऊन शिवाजीनगरला जाऊन आलो. आजचा दिवस चांगला, तरी काहीतरी माझ्या हातून निसटलंय असं वाटतंय.

वर्कशॉप खाली, घर वर. रघुजी साठीचे, सडसडीत, कानात बारीक बाळी. मराठी गोड आणि वेगळीच, मधे मधे कन्नड. "बन्नी, बन्नी, बसा की अक्का. घर सापडायला त्रास झाला काय?" मला वाटलं होतं पाच मिनिटांत ढोल दाखवून निघू. तर वर जमनाबाई, त्यांच्या पत्नी, भर दुपारी रेशमी साडीत. टेबलावर गरम होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, तूप, चिवडा. सौम्या केसांत मोगरा माळून. शनिवारी ऑफिसला सुट्टी असताना इतकं आवरून बसलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली.

ताट पुढे करताना जमनाबाई थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही घेता ना आमच्याकडचं?"

मी म्हटलं, "हो, मला डायबिटीस वगैरे काही नाही." त्यांनी रघुजींकडे पाहिलं. मग दोघंही हसले, आणि मला तीन होळिगे खावे लागले.

रघुजींनी बरंच विचारलं. वडील काय करायचे, आई कशी आहे, पुण्यात घर कुठे, भावंडं किती. माहेरचं आडनाव विचारलं. लिमये म्हटल्यावर "माहीत आहे, माहीत आहे" म्हणाले. मग स्वतःचं सांगितलं. "आमची माणसं तिकडून फौजेबरोबर आली म्हणतात. घोडे होते, जीन लागायचं, लगाम लागायचा. फौज गेली, आम्ही राहिलो. माझ्या वडिलांनी छावणीच्या घोड्यांची जिनं शिवली. मी बेल्ट आणि बॅगा शिवतो. सौम्या कॉम्प्युटर शिवते." शेवटचं वाक्य त्यांचं ठेवणीतलं असावं, कारण सौम्याने कंटाळल्यासारखा चेहरा केला.

हिराओका-सान मात्र खालीच रमले. आम्ही खाली आल्यावर रघुजींनी ढोल घेतला, फाटक्या कातड्याची कड अंगठ्याने दाबली, नाकाशी नेली. "ढोल मढवणं आमचं काम नव्हे. पण चामडं कळतं. म्हशीचं लावतो, चालेल काय म्हणून विचारा." मी भाषांतर करायला तोंड उघडलं तोवर हिराओका-सान यांनी दुसऱ्या कडेला अंगठा दाबून मान हलवली होती. पुढचा अर्धा तास त्या दोघांना माझी गरज पडली नाही. जरा अपमानच वाटला मला.

परतताना गाडीत हिराओका-सान यांनी विचारलं, "सुखदा-सान, तुमच्याकडे लग्न ठरवताना घराची चौकशी करतात का?"

मी म्हटलं, "हो, पण आमचं घर पुढारलेलं आहे. हुंडा नाही, पत्रिका नाही. फक्त घराणं बघतात."

ते "सोउ देस का", म्हणजे "असं होय", एवढंच म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आईचा पुण्याहून फोन. आवाज अगदी साधा ठेवलेला, म्हणजे काहीतरी मोठं.

"ध्रुवने मुलगी ठरवलीय. सौम्या. तू तिच्या घरी जाऊन आलीस म्हणे. मला बोलली नाहीस."

मी ढोल घेऊन गेले होते असं सांगितलं, तर आईला ते खोटं वाटलं. मला एकदम ती रेशमी साडी दिसली. होळिगे. आडनाव. ते मला मुलाकडची समजत होते. ध्रुवने त्यांना सांगितलं होतं "ताई येतेय", आणि मला सांगितलं नव्हतं की मी ताई म्हणून जातेय. त्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू वेगळी वागली असतीस." वेगळी म्हणजे कशी, हे विचारायला हवं होतं. मी चिडून फोन ठेवला.

आई म्हणाली, "मला काही नाही गं. आपण कधीच मानलं नाही. पण जरा माहिती काढ. नक्की कोण आहेत, नातेवाईक कुठले, काय करतात. तू तिथे आहेस म्हणून सांगतेय."

मी "बघते" म्हटलं. म्हणजे हो की नाही, ते मलाही सांगता येणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेबलचा मजकूर मिळाला. हिराओका-सान यांनी कागदावर लिहून आणला होता, इंदिरानगरच्या त्यांच्या नेहमीच्या कॅफेत. मी वाचला आणि परत वाचला.

"यांच्याशिवाय चिलखत नव्हतं, खोगीर नव्हतं, देवळात ढोल नव्हता. गावातलं मेलेलं जनावर हेच उचलत. यांना गावाबाहेर ठेवत. काही नकाशांत यांची वस्ती दाखवत नसत, आणि तिच्यातून जाणाऱ्या रस्त्याची लांबी अंतरात धरत नसत. यांना एता म्हणत. लिहिण्याची अक्षरं दोन: पुष्कळ आणि मळ."

मी म्हटलं, हे फार स्पष्ट आहे, जपानी लोकही येणार आहेत, त्यांना कसं वाटेल?

ते म्हणाले, "मी जपानीच आहे."

मग सांगितलं. अगदी मीटिंगमध्ये एखाद्या पार्टची माहिती देतात तसं. त्यांचं गाव पश्चिमेला, नदीकाठी. नदीत कातडी भिजत घालत. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांच्या वेळी, १८७१ साली, सरकारने तो शब्द कायद्यातून काढला. हिराओका-सान शिकले, गाव सोडलं, पत्ता बदलला. मुलीला कधी काही सांगितलं नाही. २०१६ मध्ये तिचं लग्न ठरलं. मुलाच्या घरच्यांनी एका खाजगी माणसाकडून चौकशी करून घेतली. त्याने एकच पान लिहून दिलं. लग्न मोडलं. मुलीने वडिलांना विचारलं, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत. तिचा राग त्या मुलावर कमी आणि त्यांच्यावर जास्त आहे. नऊ वर्षं ती मोजकंच बोलते.

"तिकडे मी हे उभं राहून कधी बोललो नाही," ते म्हणाले. "इथे आधी सराव करतो. मग घरी बोलेन."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर इंजिनीयर आहात." त्यांनी मान हलवली, जणू मी काही बरोबर बोलले होते. घरी आल्यापासून ते वाक्य मला खुपतंय. चुकीचं काय होतं त्यात, हे मात्र हाती लागत नाही.

आणि माहिती काढायचं काम मी कोणासाठी करतेय? मी तर अजून एक फोनही केलेला नाही. केला नाही म्हणून बरं वाटतंय, आणि आईला काय सांगू म्हणून धास्तीही वाटतेय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आई आली. उद्घाटन बघायला, असं म्हणते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या विमलाने दुपारचा स्वयंपाक केला तो आईला आवडला नाही, रात्रीचा स्वतः केला.

हेमलता मॅडमचा फोन. "लेबलमध्ये तो शब्द नको ना. कुठल्याही समाजाला लागेल. आणि भाषणात काही तसं आलं तर तुम्ही सांभाळून घ्या. दुभाष्याच्या हातात खूप असतं." माझ्या हातात खूप आहे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. थोडं बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

लेबल मी बदललं नाही. ते हिराओका-सान यांनी स्वतःच छापून आणलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

हॉल भरला होता. शाळेची मुलं सामुराईच्या टेबलाभोवती. ढोल पाचव्या टेबलावर, नवं कातडं ताणलेलं, रघुजींनी कडेला इतके बारीक टाके घातले होते की जपानी बायका वाकून बघत होत्या. रघुजी, जमनाबाई, सौम्या तिसऱ्या रांगेत. ध्रुव त्यांच्याजवळ. आई दुसऱ्या रांगेत, टोकाला. एकमेकांना नमस्कार झाला होता, बोलणं झालं नव्हतं.

हिराओका-सान बोलायला उभे राहिले. एक वाक्य ते, एक मी. छत्र्या, भरड धान्य, अस्तर. लोक हसत होते. मग ते पाचव्या टेबलाजवळ गेले आणि म्हणाले, "हे करणाऱ्यांना एता म्हणत. माझे पूर्वज एता होते."

मी माईकवर इंग्रजीत म्हटलं, "माझे पूर्वज चामड्याचे उत्तम कारागीर होते."

"उत्तम" पण माझंच.

मला कोणी धमकावलं नव्हतं. हेमलता मॅडमचा चेहराही त्या क्षणी मला दिसत नव्हता. आईचा दिसत होता. पण आईसाठी केलं असंही नाही म्हणता येत. जीभ स्वतःच वळली, अगदी सहज, मला कळायच्या आत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हिराओका-सान यांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजतं. ते थांबले. टाळ्या संपेपर्यंत थांबले. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले. तेच शब्द, तोच वेग. मशीनने एखादी चूक दाखवली की आम्ही पुन्हा चालवून बघायचो, तसं.

दुसऱ्यांदा मी बरोबर सांगितलं. माझे पूर्वज एता होते. अक्षरांचा अर्थ, पुष्कळ आणि मळ. मग पुढचं त्यांचं: "तो कायदा १८७१ मध्ये गेला. माझ्या मुलीचं लग्न २०१६ मध्ये मोडलं."

या वेळी टाळ्या नव्हत्या. एका शाळकरी मुलीने हात वर करून विचारलं, मग ते नकाशातला रस्ता कसा मोजायचे, चालताना पाय लागतच असतील ना? हिराओका-सान म्हणाले, हाच प्रश्न मला सात वर्षांचा असताना पडला होता.

नंतर चहाच्या वेळी रघुजी त्यांच्यापाशी गेले आणि नुसता त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी भाषांतराला गेले नाही. सौम्या माझ्याकडे आली.

"अक्का, पहिल्यांदा तुम्ही वेगळं का सांगितलं?"

"माहीत नाही."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. "माहीत झालं की सांगा. मला तुमच्या घरात यायचंय, म्हणून विचारते."

गाडीत आई म्हणाली, "छान बोललीस. पण पहिल्यांदा म्हणालीस ना, ते जास्त चांगलं वाटत होतं ऐकायला."

२३ फेब्रुवारी, रविवार

हिराओका-सान यांना माफी मागणारा मेसेज पाठवला, अर्धा तास लिहून. उत्तर आलं: "मुलीला भाषणाचा व्हिडिओ पाठवला आहे. दोन्ही वेळचं भाषांतर त्यात आहे. तिने पाहिलं. अजून काही म्हणाली नाही." दोन्ही वेळचं का ठेवलं, कापता आलं असतं. मला समजत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रघुजींचा फोन. "रविवारी जेवायला या अक्का. आईंना घेऊन या. स्वल्प बोलू. आम्हालाही बघायचं आहे की, पोरगी कुठे जाणार म्हणून."

आईला सांगितलं. म्हणाली, हो, जाऊ की. मोरपंखी साडी इस्त्रीला दिली. ध्रुव फोनवर इतका आनंदला की मला त्याच्यावर चिडल्याचं वाईट वाटलं.

२ मार्च, रविवार

सकाळी आईचा गुडघा दुखायला लागला. कालपर्यंत ती गार्डनमध्ये तीन चकरा मारत होती. मोरपंखी साडी पलंगावर पसरलेली, ती तिच्या शेजारी बसलेली. "त्यांना सांग, गुडघा धरलाय. पुढच्या वेळी नक्की." मी म्हटलं, रिक्षाने नाही, गाडीने जायचंय, जिनाही एकच आहे. ती म्हणाली, "सांग ना तेवढं." माझ्याकडे न बघता.

शंतनु, ध्रुव आणि मी गेलो. रघुजी खाली दारातच उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी गाडीचं मागचं दार स्वतः उघडलं, आत पाहिलं, आणि बंद केलं.

"आई?"

ध्रुव म्हणाला, "तिचा गुडघा..." आणि माझ्याकडे पाहिलं, पुढचं मी सांगेन म्हणून. सगळं वाक्य माझ्याकडे तयार होतं. तसंच, गोड.

मी म्हटलं, "आई आली नाही. साडी काढून ठेवली होती, पण तिला यायला जमलं नाही. गुडघा बरा आहे तिचा."

समोर कोणीतरी स्कूटर काढत होतं, त्याला रघुजींनी हाताने वाट दाखवली. मग म्हणाले, "वर या. जमना पहाटेपासून उभी आहे."

वर जमनाबाईंना त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. मला सगळं कळलं नाही. त्या आत गेल्या, थोडा वेळ बाहेर आल्या नाहीत. सौम्याही गेली. आम्ही तिघं पंख्याकडे बघत बसलो. मला वाटलं, लग्न मोडलं ते माझ्याच तोंडाने. मग जमनाबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या. डोळे लाल होते. "आले त्यांनी बसावं," म्हणाल्या. "थंड होईल."

बोलणं काही ठरलं नाही. रघुजी म्हणाले, विचार करायला वेळ हवा, त्यांनाही आणि आम्हालाही. सौम्याने ध्रुवला वाढलं, त्याच्याशी बोलली नाही. निघताना मला मात्र जिन्यापर्यंत सोडायला आली.

साडेतीनला घरी आलो. आई बाल्कनीत होती, साडी घडी करून ठेवलेली.

"काय म्हणाले?"

"तू का आली नाहीस विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते."

आईने नजर खाली सोसायटीच्या तलावात पोहणाऱ्या मुलांकडे वळवली. मला वाटलं, आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "खरं काय ते तुला कसं कळलं गं? मी सकाळपासून इथे बसलेय. मला अजून कळलेलं नाही."